टॅरोचं गेज आर अँड आर

आमच्या प्लांटमध्ये कस्टमर क्वालिटी मॅनेजरची जागा रिकामी झाली आणि एचआरने बोलावून "मॅडम, तुम्हीच का नाही?" असं विचारलं, तेव्हापासून माझी झोप उडाली होती. मी चाकणला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत आहे, क्वालिटीत बरीच वर्षं काढलीत आणि त्यातली अलीकडची सगळी मेट्रोलॉजीच्या, म्हणजे मोजमापाच्या लॅबमध्ये. म्हणजे सीएमएम, कंटूर, रफनेस टेस्टर ही मोजायची यंत्रं, गेजेसचं कॅलिब्रेशन (मोजायची साधनं बरोबर मोजतात का ते तपासणं), पीपॅपचे म्हणजे कस्टमरकडून पार्ट मंजूर करून घ्यायला लागणारे मापांचे रिपोर्ट. लॅबमध्ये टेंपरेचर कायम २० डिग्री, बाहेर लाइनवर कितीही बोंबाबोंब चालू असू दे, आत पार्ट आणि प्रोब आणि मी. मॅनेजर झालं की पगार वाढणार, केबिन मिळणार, आणि रात्री अकराला कस्टमरकडून फोन येणार की तुमचा पार्ट बसत नाहीये, लाइन थांबलीय, माणूस पाठवा, आणि मग सकाळपर्यंत सेग्रिगेशन म्हणजे चांगले-वाईट पार्ट निवडणं, आणि दुसऱ्या दिवशी एट-डी रिपोर्ट म्हणजे चूक का झाली आणि काय उपाय केला त्याचा खुलासा, आणि त्यात रूट कॉज म्हणून "ऑपरेटरचं दुर्लक्ष" लिहिलं की कस्टमर परत पाठवणार. हे सगळं मी लांबून बघितलेलं आहे.

घरात नवरा म्हणाला घे, ईएमआय लवकर संपेल. साहेब म्हणाले परत विचारणार नाहीत. मी एक्सेल केलं. डाव्या बाजूला मुद्दे, प्रत्येकाला वेटेज, खाली टोटल. आता गंमत अशी की वेटेज देणारी मीच, टोटल आवडली नाही की वेटेज बदलणारीही मीच, त्यामुळे सोमवारी मॅनेजर व्हायचं ठरायचं आणि बुधवारी नाही व्हायचं.

तेवढ्यात ठाण्याची मामेबहीण राहायला आली. ती हे सगळं करते, टॅरो म्हणजे चित्रांचे पत्ते काढून भविष्य सांगणं, क्रिस्टल, पौर्णिमेला पाण्याची बाटली गच्चीत ठेवणं वगैरे. म्हणाली ताई एकदा रीडिंग घेऊन तर बघ. गेलो एका बाईंकडे. नाव सांगत नाही, बाई बोलायला फार गोड होत्या. तीन पानं काढली आणि म्हणाल्या ऑफिसमध्ये तुमच्यावर कोणीतरी जळतंय. आता हे भारतातल्या कुठल्याही नोकरदाराला सांगा, तो मान डोलावणारच. मग म्हणाल्या तुम्ही वरून कडक दिसता पण आतून हळव्या आहात. शेवटी पायराइटचं ब्रेसलेट निघालं, प्रमोशनचा ब्लॉकेज काढायला. मी फी दिली, ब्रेसलेट घेतलं नाही, परत येताना मामेबहीण गाडीत गप्पच होती.

पण त्या बाईंच्या टेबलावरचं एक पान माझ्या डोक्यातून जाईना. टेन ऑफ वाँड्स. एक माणूस दहा लाकडी दांडके मिठीत धरून वाकून चाललाय, समोर गाव आहे, पण दांडके बरोबर तोंडासमोर असल्यामुळे त्याला ते दिसत असेल असं वाटत नाही. बाई म्हणाल्या "जबाबदारी वाढणार." माझ्या मनात आलेलं की हा दांडके खांद्यावर का घेत नाहीये? कोणी सांगितलं असं धरायला? घरी आल्यावरही मी त्याच माणसाचा विचार करत होते. मग मामेबहिणीनेच तिच्याकडचा एक जास्तीचा डेक, म्हणजे पत्त्यांचा जोड, मला देऊन टाकला, घे तुझं तूच बघ म्हणून.

इथे आमच्या घराची परिस्थिती सांगायला पाहिजे. बाबा जुने अंनिसवाले. मी शाळेत असताना पेटत्या कापराचा चमत्कार आणि नारळातून करणी काढायचा प्रयोग आमच्या बैठकीच्या खोलीत झालेला आहे. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला त्या दिवशी बाबा जेवले नव्हते. आई सिंधुदुर्गातली, तिच्या माहेरी अजूनही मोठ्या गोष्टीला देवळात कौल लावतात, देवाला कळ्या किंवा पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. आई-बाबांचा यावरून आयुष्यभर तह आहे, ती लावते, ते बाहेर पायरीवर बसतात. अशा घरातल्या मुलीच्या पर्समध्ये टॅरोचा डेक म्हणजे काय विचारूच नका.

तर मी काय केलं ते सांगते. भविष्य विचारायचंच नाही असं आधी ठरवलं. "मॅनेजर होऊ का" या प्रश्नाला पानं काही बोलत नाहीत, म्हणजे त्यात हो-नाही असं काही छापलेलंच नाहीये. ७८ पानं असतात, २२ मेजर अर्काना म्हणजे फूल (इंग्रजीतला, वेडा या अर्थी), हर्मिट, टॉवर, डेथ वगैरे मोठी मंडळी, आणि बाकी ५६ आपल्या पत्त्यांसारखे चार रंग, वाँड्स (दांडके), कप्स, स्वोर्ड्स (तलवारी), पेंटॅकल्स (चांदणीच्या चकत्या). कामधंदा, पैसा, हाताचं कौशल्य हे पेंटॅकल्सकडे. मी प्रश्न असे लिहिले की या पोस्टमधलं मला नेमकं काय हवंय, माझ्या हातून काय सुटेल, आणि मी नाही म्हटलं तर कोणाला तोंड दाखवायला लाजेन. तिसरा प्रश्न लिहिताना मलाच कसंतरी झालं पण खोडला नाही.

दर रविवारी सकाळी, घरातले उठायच्या आधी, चहा घेऊन बसायचे. पिसायचं, कापायचं, एका प्रश्नाला एकच पान. पान उलटं आलं तर सरळ करून ठेवायचे, त्या उलट्या अर्थांच्या भानगडीत पडले नाही. आणि सोबतची छोटी पुस्तिका लगेच उघडायची नाही. आमच्याकडे इन्स्पेक्शनला नवीन पोरगा आला की पहिलं हेच शिकवतो, आधी काय दिसतंय ते लिही, ओके की नॉट ओके नंतर. तसंच. आधी नुसतं चित्रात काय काय आहे ते लिहायचं, माणूस कुठे बघतोय, हातात काय आहे, मागे काय आहे. मग त्यातलं काय खुपलं ते. मग प्रश्न. पुस्तिका सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा ती वाचून वाटायचं की हं, बरं.

फोर ऑफ कप्स आलं तेव्हा तर पुस्तिकेशी भांडणच झालं. झाडाखाली एक पोरगा हाताची घडी घालून बसलाय, समोर तीन कप, आणि ढगातून एक हात चौथा कप पुढे करतोय, हा बघतच नाहीये. पुस्तिका म्हणते कंटाळा, असमाधान, समोरची संधी दिसत नाहीये. म्हणजे एचआरचीच भाषा! मी मात्र लिहिलेलं की याला तहान लागलीय का हे कोणी विचारलंय का. आणि लिहून झाल्यावर पेन तसंच हातात धरून बसले, कारण मग पुढचा प्रश्न येतोच ना, की तुला कशाची तहान आहे बाई.

एट ऑफ पेंटॅकल्स हे माझं सगळ्यात लाडकं झालं. एक कारागीर बाकावर बसून हातोडी-छिन्नीने चकतीवर चांदणी कोरतोय, तयार झालेल्या चकत्या बाजूच्या खांबावर एकाखाली एक टांगलेल्या, गाव मागे लांब. पहिला विचार, देवाशप्पथ, हा होता की या सगळ्या सेम साइझच्या आहेत का आणि याने गेज कुठे ठेवलंय. दुसरा विचार की हा खूश आहे. खूश म्हणजे हसतबिसत नाहीये, पण त्याला कोणी हाक मारली तर तो "आलोच" म्हणेल आणि येणार नाही. मी लॅबमध्ये अशीच असते. एखादा बोअर, म्हणजे पार्टमधलं गोल भोक, ओव्हल येतोय आणि का येतोय कळत नाहीये, पार्ट पकडून ठेवायच्या फिक्स्चरमध्ये तो जास्त दाबला जातोय की टूलची झीज आहे, आणि क्लॅम्प थोडा सैल करून परत मोजलं आणि गोल आला, त्या क्षणी मला डबा खायचंही सुचत नाही. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं कारण सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. जस्टिसच्या पानावर तलवार आणि तराजू घेऊन बसलेली बाई आली तेव्हा तिच्या तराजूचं कॅलिब्रेशन ड्यू आहे का असंही लिहिलंय मी वहीत, असो.

आता बाबांना हे कळणारच होतं, कळलं. चिडतील वाटलं होतं, चिडले नाहीत, त्यांनी मला फोरर सांगितला. बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४८मध्ये आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं स्वतःचं म्हणून व्यक्तिमत्त्वाचं वर्णन दिलं, किती जुळतं ते ५ पैकी मार्क द्या म्हणाला, सरासरी आली ४च्या वर, आणि सगळ्यांना दिलेलं वर्णन एकच होतं. मला त्या टॅरोवाल्या बाईंचं वरून कडक आतून हळवं आठवलंच. मग बाबा म्हणाले, "तू मोजमापवाली ना गं? मग मोज की. त्याच प्रश्नाला दुसरं पान काढ, तेही तुला लागू पडतं का बघ."

हे चॅलेंज मला एकदम पटलं कारण हे तर आमचं रोजचं काम. गेज आर अँड आर म्हणतात त्याला. तेच पार्ट, तेच गेज, वेगवेगळे लोक पुन्हा पुन्हा मोजतात आणि आकड्यातला फरक पार्टमुळे येतोय की गेजमुळे की माणसामुळे हे बघायचं. एआयएजी या अमेरिकेतल्या वाहन उद्योगाच्या संस्थेचं मॅन्युअल ढोबळमानाने सांगतं की गेज आणि माणूस यांच्यामुळे येणारा फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर गेज चांगलं, ३० च्या वर गेलं की बाद. तर मी टॅरोचं आर अँड आर केलं. वहीत आधी लिहिलेलं स्टेपल करून बंद केलं, त्याच तीन प्रश्नांना नवीन पत्ते काढायला लागले. आणि दुसरीकडे टेन ऑफ वाँड्स एकट्या एकट्याला गाठून घरच्यांना दाखवलं, चित्रात काय चाललंय सांगा.

घरच्यांचं आधी सांगते. नवरा म्हणाला, "अगं पोचलाच की तो, घर समोर आलंय त्याचं." मामेबहीण म्हणाली दुसऱ्यांचं ओझं वाहतोय. आई म्हणाली लाकूडफाटा नेतोय, पाऊस येणार असेल. बाबा म्हणाले चित्र बरं काढलंय. म्हणजे एकच पार्ट, चार जणांचे चार आकडे. गेज म्हणून टॅरो बाद, सरळ रेड टॅग.

पण माझ्या वहीतलं उलटंच निघालं. पानं वेगळी आली, सेव्हन ऑफ पेंटॅकल्स आलं, एट ऑफ स्वोर्ड्स आलं, हर्मिट आला, आणि स्टेपल काढून आधीचं वाचलं तर मी जवळजवळ तेच तेच लिहिलेलं. लॅब सोडायची नाही. रात्रीचे फोन नकोत. पगार मात्र हवा, आणि नुसता हवा नाही तर राग येतोय इतका हवा. आणि एक वाक्य जे एक्सेलमध्ये कधीच आलं नसतं, की सासरच्या लग्नांत "ही मॅनेजर आहे" अशी ओळख करून दिलेली मला आवडेल. एक्सेलमध्ये मी त्याला "ग्रोथ" म्हणत होते, वेटेज २५.

बाबांना वही दाखवली, थोडी झाकून. ते म्हणाले मग हे तुला माहीतच होतं, पत्ते कशाला लागले? मला अजून धड उत्तर देता आलेलं नाही. एवढंच वाटतं की यादी करायला बसलं की आपण चारचौघांत बोलायचंच लिहितो, आणि दांडके घेतलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की आपण त्याच्याबद्दल लिहितोय असं वाटत राहतं आणि बरंच काही निसटून जातं. कदाचित कुठलीही चित्रं चालली असती. कॅलेंडरवरची चालली नसती पण, त्यातले सगळे हसत असतात.

मधे मी या पानांची माहिती शोधत बसले होते आणि त्याचा माझ्या निर्णयाशी संबंध आहे म्हणून सांगते. हे इजिप्तच्या पुजाऱ्यांचं प्राचीन ज्ञान वगैरे जे सांगतात ते कूर द जेबलॅं नावाच्या फ्रेंच माणसाने १७८१मध्ये लिहून ठेवलं, आणि इजिप्तची चित्रलिपी शांपोल्योंने उलगडली ती १८२२मध्ये, म्हणजे वाचता येत नसतानाच हे ठरवून मोकळे. खरं म्हणजे पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हा साधा पत्त्यांचा खेळ होता. आणि आज जो डेक सगळीकडे दिसतो, माझ्याकडचाही तोच, तो १९०९मध्ये लंडनला निघाला. आर्थर वेटने तो करवून घेतला, रायडर कंपनीने काढला, म्हणून नाव रायडर-वेट. चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथने. तिचं नाव नावात नाहीच, अलीकडे लोक जोडायला लागलेत. पानाच्या कोपऱ्यात वळणदार सहीसारखं एक चिन्ह आहे ते तिचं, भिंग घेऊन बघितलं मी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने फोटोग्राफर स्टिग्लिट्झला पत्रात कळवलं होतं की एक मोठ्ठं काम उरकलंय आणि पैसे अगदीच थोडे मिळालेत. १९५१मध्ये ती इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये वारली, डोक्यावर कर्ज होतं.

हे वाचून मी किती वेळ तरी बसून होते. कारण तोपर्यंत माझं मन एट ऑफ पेंटॅकल्सवाल्याकडे इतकं झुकलेलं की मी जवळजवळ ठरवून टाकलं होतं, नको ती पोस्ट, आपण बरं आपली लॅब बरी, समाधान महत्त्वाचं. आणि तो समाधानी कारागीर जिने काढला तिला पैसे मिळाले नव्हते! इतकं चांगलं काम, आणि वरचं नाव दुसऱ्यांचं. आमच्या डिपार्टमेंटमध्ये ऑडिटच्या प्रेझेंटेशनमध्ये माझे रिपोर्ट कोणाच्या नावाने जातात ते मी इथे लिहीत नाही.

त्यानंतरच्या रविवारी थ्री ऑफ पेंटॅकल्स आलं. चर्चच्या आत एक पाथरवट बाकावर उभा राहून काम करतोय आणि खाली दोन जण उभे, त्यांच्या हातात ड्रॉइंग. योगायोग आहे, मला माहितेय, ७८ पानांत कधी ना कधी येणारच. पण मी लिहिलं ते असं की ड्रॉइंग त्यांच्याकडे आहे तरी ते बघतायत याच्याकडे, हा वर आहे आणि ते खाली, आणि याने हातातलं हत्यार खाली ठेवलेलं नाहीये. वर जायला हत्यार ठेवावं लागतं असं मी धरूनच चालले होते. माझ्या एक्सेलला दोनच कॉलम होते, मॅनेजर व्हायचं किंवा आहे तिथे राहायचं, तिसरा कॉलम मी केलाच नव्हता.

मग मात्र पत्ते बाजूला ठेवले आणि खरी तयारी केली. बाहेर लॅब इनचार्जला काय पॅकेज मिळतं ते दोन-तीन ओळखीच्यांना विचारलं. आपली लॅब आयएसओ १७०२५ या लॅबसाठीच्या मानकाप्रमाणे एनएबीएल या लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या अ‍ॅक्रेडिटेशनला न्यायची तर काय लागेल त्याचं एक पानी टिपण केलं, बाहेर कॅलिब्रेशनला आपण वर्षाला किती पैसे घालवतो तो आकडा खरेदी विभागातून काढला. आणि प्लांट हेडना जाऊन सांगितलं की सर कस्टमर क्वालिटी नको, लॅबची पूर्ण जबाबदारी द्या, मॅनेजर ग्रेडला द्या, आणि रिपोर्टवर सही माझी. पोटात गोळा आला होता. ते म्हणाले असं कोणी मागत नाही हो. मी म्हटलं मी मागतेय.

जे मिळालं ते असं की लॅब मिळाली, सही मिळाली, ग्रेड मॅनेजरची नाही, त्याच्या एक खालची, आणि वाढ मागितली त्याच्या निम्म्यापेक्षा थोडी जास्त, बाकीचं एनएबीएल झाल्यावर बघू. "बघू" म्हणजे काय ते आपल्याला कळतं. मॅनेजरच्या जागी प्रॉडक्शनमधला एक जण आला, चांगला आहे, परवा सकाळी आठला लाल डोळे घेऊन सेग्रिगेशनचे पार्ट मोजायला माझ्याकडेच आला होता. नवऱ्याने ईएमआयचं गणित परत मांडलं आणि दोन दिवस जरा फुगून होता.

कोणाला करून बघायचं असेल तर माझ्यापुरतं सांगते, घाबरलेले असताना काढू नका, मनासारखं पान येईपर्यंत काढत बसू नका (मामेबहीण आता मेल पाठवू का हेही पत्त्यांना विचारते, तिची मला काळजी वाटते), आणि ब्रेसलेट निघालं की उठा. पैशाचे प्रश्न पैशाच्या माणसाला विचारा. आणि लिहा, नुसतं बघून काही होत नाही, माझं जे काय झालं ते वहीमुळे.

डेक सध्या माझ्याकडे नाही. हा मुळात डाव जिंकायचा खेळ आहे आणि फ्रान्समध्ये अजून खेळतात, ७८च पानं, २१ कायमचे हुकूम आणि वर एक फूल, असं मी बोलता बोलता बाबांना सांगितलं, आणि बाबांचं अख्खं आयुष्य मेंढीकोटवर गेलंय. एकवीस हुकूम ऐकल्यावर ते खुर्चीत सरळ झाले. आता शनिवारी त्यांचे तीन मित्र येतात, नियमांचा प्रिंट काढून भिंतीला चिकटवलाय, आणि परवा आत स्वयंपाकघरात मला ऐकू आलं, बाबा ओरडत होते, "अहो डेथ काय टाकताय, अजून टॉवर खेळायचाय, मोठं पान आधी खाली पाडा त्यांचं!"